भरल्या गाडीचं दार

कोल्हार
३ मार्च २०२५

प्रिय बेंजामिनदाजी,
प्रभूच्या नावात सलाम.

परवा सकाळी मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार खांद्यावर घेऊन शेडबाहेर आलो आणि जुनी गोधडी अंथरून तिच्यावर ते आडवं ठेवलं. रंग सगळा खरवडून काढलेला होता. उघड्या पत्र्यावर चिंधीनं थोडं डिझेल फासलं की तो आरशासारखा होतो. मग गुडघ्यावर बसून एक डोळा मिटायचा आणि शेडच्या पन्हाळीची सरळ रेघ त्या पत्र्यात कशी वळते ते पाहायचं. रेघ जिथं थरथरते तिथं पत्रा बसलेला असतो. तुमच्या वडिलांच्या गाडीच्या दारावर ती दोनच जागी थरथरली. नंतर तळहाताखाली फडकं घेऊन डोळे मिटून हात फिरवला, तर हातानंही त्याच दोन जागा दाखवल्या. बाकी सगळा उतार पहिल्यासारखा आहे, पोटाशी फुगीर, खाली आत वळलेला. इतकी वर्षं शेंडीच्या गोठ्यात कोंबड्या अंगावर घेऊन उभी राहिलेली फियाट, पण चारही दारं आपला आकार धरून आहेत. मला फार बरं वाटलं.

मरियाताईनं नाताळात आपल्या दोघांना घालून दिलेला, पत्रानंच बोलायचा नियम मी पाळतो आहे. फोनवर आपण एकमेकांचं ऐकायच्या आत बोलतो. लिहिताना निदान पान संपेपर्यंत समोरचा गप्प असतो.

तुम्ही म्हणालात तसं काजव्यांच्या मोसमाआधी, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत गाडी देतो. पुढच्या दारांची मात्र मला काळजी आहे. आताच्या गाड्यांची दारं मागून उघडतात, या जुन्या फियाटची पुढची दारं पुढून उघडतात. बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि लॉक पुढं. चालत्या गाडीत असं दार सुटलं तर वारा ते लावत नाही, उपटतो. म्हणून त्या दोन दारांवर मी घाई करणार नाही.

तुमच्या तिन्ही खोल्यांची रंगरंगोटी झाली का? ताईला आणि एंजेलाला सलाम.

तुमचा,
सॅमसन


शेंडी (भंडारदरा)
१२ मार्च

सॅमसन,

सलाम. तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. डोळे मिटून दारावर हात फिरवतोस हे ऐकून तुझ्या बहिणीला म्हटलं, हा डेंटिंग करतोय की रोग्यावर हात ठेवून प्रार्थना? ती हसली नाही. तुझ्यावर विनोद केला की तिला ऐकू येत नाही.

खोल्या झाल्या. पाटीही झाली. ‘मास्तरांची गाडी’ असं लिहून घेतलंय, खाली काजव्यांनी भरलेलं झाड काढलंय. काजवे बघायला पुण्या-नाशिकची माणसं येतात, त्यांना रतनवाडीपर्यंत न्यायला इथं जीपा पन्नास आहेत. जुनी फियाट एकाकडंही नाही. चालवणार एंजेला. तिच्या आजोबांची गाडी आणि तीच चालवणार, हे बघायलाच निम्मी माणसं येतील. पहिले पाहुणे २४ मेला आहेत. मी १७ तारखेला, शनिवारी, टेम्पो घेऊन येतो.

आणि दारांचं एवढं काय घेऊन बसलास? ती दारं कधीच नीट लागायची नाहीत. आमचे मास्तर गुडघ्यानं ढकलायचे, आई आतून पदराची गाठ मारून धरायची. लोक तिला डुक्कर फियाट म्हणायचे तेव्हा मास्तरांना राग यायचा, दाराचा कधी आला नाही.

तू फुकट करतोयस म्हणून मी बोलू नये असं तुझी बहीण म्हणते. म्हणून एवढंच बोललो.

बेंजामिन


कोल्हार
५ एप्रिल

प्रिय दाजी,
सलाम.

चारही दारं चढवली. पत्रापुरता तरी आनंद लपवत नाही.

फट सगळीकडून सारखी आली आहे. मी सुताराची चपटी पेन्सिल आडवी धरून दाराच्या कडेनं फिरवतो. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत ती कुठं अडकली नाही आणि कुठं सैल पडली नाही. दाराच्या पोटावरची उभार रेघ पुढून निघते ती मागच्या मडगार्डापर्यंत एका दमात जाते. पुटीन भरून पत्रा सरळ दाखवता येतो, पण मी कुठंही नखापेक्षा जाड भरलेलं नाही. आणि दाजी, आवाज! दार सोडलं की टिचकन लागतं, लोखंडी कपाटासारखं. शेजारचा वेल्डर गोरक्ष चार वेळा लावून गेला. म्हणाला, “भाऊ, माझ्या घराची दारंबी इतकी गुमान लागत न्हाईत.”

प्रायमरचा एक हात दिला. चाकं ब्रेकच्या ड्रमच्या कामासाठी लोणीला गेली आहेत, ती या आठवड्यात येतील. तोवर गाडी मधोमध लाकडी ओंडक्यांवर उभी आहे.

एक गोष्ट राहिली. माझे उस्ताद, श्रीरामपूरचे रंगनाथ मिस्तरी, माणसं बसवून पाहिल्याशिवाय दार पास करत नसत. रिकामी गाडी सगळ्यांशी गोड बोलते असं म्हणायचे. तर पुढच्या रविवारी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या उपासनेनंतर, मंडळीतली पाच माणसं गाडीत बसवणार आहे. मग रंग.

सॅमसन


शेंडी
२३ एप्रिल

सॅमसन,

झावळ्यांचा रविवार होऊन गेला, उत्तम शुक्रवार गेला, ईस्टर गेला. तुझं पत्र नाही. फोन तू उचलत नाहीस, नियम पाळतोस. गाडीत माणसं बसली का? रंग कुठला देतोयस? मास्तरांचा तो दुधी हिरवा पाहिजे.

इथं रोज कोणी ना कोणी विचारतं, गाडी कधी येणार. मी तारीख सांगतो. तारीख मी सांगतोय, हे ध्यानात ठेव.

बेंजामिन


कोल्हार
२७ एप्रिल

प्रिय दाजी,

सलाम. उशीर केला. दोन पत्रं लिहून फाडली, कारण दोन्हींत मी ‘थोडं काम वाढलं आहे’ असं लिहिलं होतं आणि ते खोटं होतं.

त्या रविवारी चाकं लावून गाडी अंगणात उभी केली. उपासना सुटली तशी माणसं जमली. साळूबाई मावशी सगळ्यांत पुढं. “आरं सॅमसन, मला म्होरं बसव. मागं बसले तर म्हनतील, गाडी माझ्यामुळं बसली.”

गोरक्ष म्हणाला, “मावशे, तू बसलीस की टेस्टिंगला दुसरं मानूस लागतच न्हाई.”

“तुझ्या बायकूला ईचारते थांब, रोज किती भाकरी हानतो ते.”

मागं गोरक्ष, श्रीमंतआबा आणि आबांचा जावई. पुढं साळूबाई आणि स्टिअरिंगवर आबांचा थोरला. मी साळूबाईंच्या बाजूचं दार सोडलं. टिचकन वाजलं नाही. धप्प आवाज झाला आणि दार परत आलं. पुन्हा लावलं, जोरात, तेव्हा कसंबसं अर्ध्यावर अडकलं. पेन्सिल घेतली. वरच्या कोपऱ्यात ती शिरेना. खाली मात्र माझं बोट सहज आत गेलं.

“लागलं का न्हाई रं?” आबांनी विचारलं.

मी म्हणालो, “गोरक्ष, जरा हल.”

तो मागच्या सीटवर दोनदा उसळला. गाडी किंचित कण्हली, लॉकची जीभ आकड्यातून सटकली आणि दार आपोआप सताड उघडलं. साळूबाईंच्या हातातली झावळी खाली पडली. “अगं बया! गाडीनं तोंड उघाडलं!” सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग एकेक जण उतरला. शेवटी आबा उतरले आणि मी दार सोडलं, तर टिचकन लागलं. पेन्सिल चारही बाजूंनी सरळ फिरली. दाजी, मला त्या आवाजाची भीती वाटली.

चूक माझी आहे. चाकं नव्हती म्हणून मी गाडी मधोमध ओंडक्यांवर धरून दारं जुळवली. ओंडक्यांनी खालून तोलून धरलेली बॉडी मला सरळ दिसली. चाकांवर उभी राहून मध्ये वजन आलं की ती झोळीसारखी बसते. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. दाराखालच्या उंबऱ्यात दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांब पेट्या आहेत, त्याच हिचा कणा. मी पेटीला पेचकस लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आत डांबर लावलेलं गोणपाट आणि ओली माती निघाली. वरून जाड रंग. कधी केलं, कोणी केलं, ते मला शोधायचं नाही. मधल्या खांबाचा पाय त्याच पेटीत उभा आहे, आणि चारही दारं त्या खांबाला टांगलेली आहेत.

दोन्ही पेट्या कापून नव्या घडवाव्या लागतील, खांबाचे पाय नवे करावे लागतील, मग दारं पुन्हा पहिल्यापासून. जुलै उजाडेल. या वर्षी काजवे जीपमधून दाखवा.

सॅमसन


शेंडी
३ मे

सॅमसन,

तुझं पत्र मिळालं. काय वाचलं ते सांगतो. साळूबाईला गाडीत बसवलं आणि दार उघडलं. साळूबाईला बैलगाडीत बसवलं असतं तरी जू मोडलं असतं.

मास्तरांनी त्या गाडीतून बाळंतिणी राजूरच्या दवाखान्यात नेल्या. पावसात, चिखलात, दार हातानं धरून. एकही माणूस पडलं नाही. आणि तू मला पेन्सिल दाखवतोस.

खरं काय ते मला कळतं. नाताळात जेवताना मी म्हणालो होतो, पत्रा ठोकायला काय पाळकाची परीक्षा द्यावी लागते? ते तुला लागलं. आता तू मला दाखवून देतोयस की लागते. झालं समाधान? सगळ्या शेंडीसमोर माझी मान खाली घालून?

दाराला आतून कडी लाव. घराला लावतो तशी, लोखंडी, जाड. दोन बाजूंना दोन कड्या. एवढं लोखंड तुझ्या शेडमध्ये असेल.

तुला जमत नसेल तर संगमनेरला एक जण आहे, दोन दिवसांत दारं बसवून देतो म्हणतो. १७ तारखेला मी टेम्पो घेऊन येतोय, गाडी घेऊनच जाणार. आणि तू आडवा आलास तर त्या दिवसापासून माझ्या घराचा उंबरा तुला बंद. तुझ्या बहिणीला भेटायचं असेल तर रस्त्यावर भेट. हे रागात लिहिलेलं नाही. दोनदा वाचून लिहिलंय.

बेंजामिन


शेंडी
६ मे

सॅमसन, माझ्या भावा,

तुझे दाजी शेतात गेलेत तोवर लिहिते.

त्यांनी तुला उंबऱ्याचं लिहिलं ते मला वाचून दाखवलं. ते तसं करतील. त्यांच्या सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला आहे, आमचं लग्न झालं तेव्हापासूनचा. तुला माहीत आहे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. एंजेलाला पुण्यात नोकरी लागलीय, मोठ्या हॉटेलात. जूनच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचंय. तिनं पप्पांना सांगितलं, गाडी आली आणि पहिले पाहुणे मिळाले तर मी इथंच राहते, आपण दोघं मिळून धंदा करू. नाही आली तर जाते. तिनं हे हसत सांगितलं. पण त्या दिवसापासून ते झोपेतही तारीख मोजतात. आमचा लेक सुनील नाशिकला गेला तो दोन नाताळ घरी आला नाही. आता ही गेली तर या घरात आम्ही दोघं आणि तीन रिकाम्या खोल्या. त्यांना ते बोलता येत नाही, म्हणून पाटी रंगवतात आणि तुझ्यावर ओरडतात.

तू माझ्यासाठी एवढं कर. दार कसंही बसव. मोसम तीन आठवड्यांचा असतो. तो झाला की गाडी तुझ्याकडं परत पाठवते, मग तू हवं तेवढं कापत बस. एंजेला हळू चालवते, मी बघितलंय.

मी तुझ्याकडं आजपर्यंत काही मागितलेलं नाही.

तुझी,
मरियाताई


कोल्हार
१० मे

प्रिय ताई,
सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं. काय केलं ते तुलाच सांगतो, कारण त्यात वावगं काय ते दाजींना समजलं तरी पटणार नाही, आणि तुला सगळं पटलं तरी ते बरोबर ठरणार नाही असं मला वाटतं.

भरल्या गाडीत दार वर घट्ट होतं आणि खाली फाकतं. मग रिकाम्या गाडीत ते उलटं बसवायचं. वर सैल, खाली घट्ट. माणसं बसली की बॉडी खाली येईल आणि फट आपोआप सारखी होईल. मी वरच्या बिजागरीमागं पत्र्याची पट्टी घातली, लॉकचा आकडा पुढं सरकवला. तरी खालचा कोपरा पेटीला घासत होता. तेव्हा दार उतरवून गोधडीवर घेतलं आणि खालची कड हातोडीनं आत वळवली. दोन्ही पुढची दारं. इतकी वर्षं आपला आकार धरून राहिलेला पत्रा माझ्या हातानं वाकडा केला. पत्रा काही बोलत नाही. तो सांगाल तिकडं जातो.

काल पुन्हा साळूबाई, आबा, गोरक्ष सगळे बसवले. दार लागलं. गोरक्ष उसळला तरी उघडलं नाही. आबांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाई म्हणाली, “बग, म्हनलं हुतं ना, माझा दोष न्हाई.” उतरल्यावर गोरक्षनं पेटीला बुटाचं टोक लावलं आणि माझ्याकडं पाहिलं.

दाजींना सांग, गाडी तयार आहे. दुधी हिरवा रंग सोमवारी देतो. त्यांनी शनिवारी यावं. एंजेलाला सांग, पाचच्या वर माणसं नकोत, घाटघरच्या खड्ड्यांच्या रस्त्याला जायचं नाही, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार खड्ड्यात हातानं दाबून धरत जा.

तू मागितलंस म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. मी केलं म्हणून केलं. प्रार्थनेत मात्र हे अजून ठेवलेलं नाही.

सॅमसन


शेंडी
१३ मे

लाडक्या मामा,

सलाम सलाम सलाम! राजूरचा टेम्पो उद्या कोल्हारला माल घेऊन येतोय, त्याच्याबरोबर हे देते, म्हणजे तुम्हाला लगेच मिळेल.

गाडी तयार झाली म्हणून आईनं सांगितलं तेव्हा पप्पा उठले. परसात गेले. मी मागून गेले तर त्या पाटीवर काजवे वाढवत होते! आधी झाडावर वीस होते, आता झाडच दिसत नाही. म्हणाले, “सॅमसन वाईट नाही, फक्त हळू आहे.” मामा, पप्पांकडून हे म्हणजे मेडल आहे. जपून ठेवा.

मी नोकरीच्या लोकांना अजून ‘नाही’ कळवलेलं नाही. शनिवारी गाडी अंगणात आली की कळवते. मला खरं तर जायचं नव्हतंच. पण मी इथं राहते म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, शिकून काय केलं. गाडी असली की तसं म्हणता येत नाही ना.

पप्पांनी सगळं ठरवलंय. संध्याकाळी खोल्यांवरून पाहुणे घ्यायचे, रतनवाडी, तिथून पुढं साम्रदवरून घाटघर, आणि परत. पुढं दोन, मागं चार, लहान पोरं असली तर मांडीवर. मी म्हटलं मामांनी पाचच सांगितलेत. पप्पा म्हणाले, मामा साळूबाई धरून पाच म्हणाले असतील. घाटघरचंही आईनं सांगितलं, पण मग बाकीचे जीपवाले जातात आणि आपण नाही, असं कसं चालेल? मी हळूच घेईन.

एकच विचारायचंय. आई म्हणाली, खड्डा आला की दार हातानं दाबून धरायचं. मी खुर्चीवर बसून प्रॅक्टिस करून बघितली. पण मामा, या गाडीचा गिअर स्टिअरिंगलाच आहे, तो डाव्या हातानं टाकायचा. स्टिअरिंग उजव्या हातात. मग दार कुठल्या हातानं धरू? चढावर गिअर बदलताना खड्डा आला तर? तुमच्या उस्तादांची काही युक्ती असेल ना? शनिवारी दाखवा.

तुमची,
एंजेला


कोल्हार
१६ मे

प्रिय दाजी,
प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र घेऊन गोरक्ष मोटरसायकलवर निघतो आहे. रात्रीपर्यंत पोहोचेल. त्याला दोन घास द्या आणि त्याच्यावर रागावू नका, तो फक्त निरोप्या आहे.

परवा एंजेलाचं पत्र मिळालं. तिनं मला एक साधा प्रश्न विचारला आहे. दार कुठल्या हातानं धरू? ते पत्र मागू नका, मी जे लिहितो तेवढं वाचा. मी गाडीत जाऊन बसलो. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर. मग डावा हात उचलून दाराकडं नेऊन पाहिला. त्यासाठी अंग वळवावं लागतं आणि नजर रस्त्यावरून निघते. उजवा नेऊन पाहिला, तर स्टिअरिंग मोकळं. माणसाला तिसरा हात दिलेला नाही.

ताईला मी कळवलं होतं की गाडी तयार आहे. ते तिनं तुम्हाला सांगितलं, त्यात तिचा दोष नाही. दार लागत होतं, हे खरं. पण मी गाडी सुधारली नव्हती. गाडीचं वाकडं होणं हिशेबात धरून दार वाकडं केलं होतं. आज ते पाच माणसांना जुळतं. घाटघरच्या रस्त्यानं पेटी आणखी चार बोटं फाटली, की जुळणार नाही. ते कधी फाटेल, हे मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही. तुमच्या संगमनेरच्या माणसालाही नाही.

मास्तरांच्या वेळी कोणी पडलं नाही असं तुम्ही लिहिलंत. तेव्हा पेट्या शाबूत असतील. दार हातानं धरायलाही शेजारी तुमच्या आई होत्या. एंजेलाच्या शेजारी अनोळखी पाहुणा असेल, काजव्यांकडं बघणारा.

मी तुम्हाला नाताळच्या बोलण्याचा राग दाखवतो आहे असं तुम्हाला वाटतं. राग आला होता. ईस्टरपर्यंत होता, हेही खरं. आता तो शोधला तर सापडत नाही. भीती सापडते.

एंजेला पुण्याला जाईल, हे मला ताईनं कळवलं आहे. ती गेली तर ते माझ्यामुळं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी ते नाकारणार नाही. तुम्ही तीन खोल्या बांधल्या, पाटी रंगवली, आणि पोर घरात राहावी म्हणून एवढं केलं, ते मला नाताळात दिसलं नाही. दिसलं असतं तर मी निराळं बोललो असतो. तिला मात्र एवढं विचारा, की गाडी नसताना ती राहील का. तिचं पत्र वाचून मला वाटलं, ती तुमच्या तोंडून हे विचारलं जाण्याची वाट बघते आहे. मी चुकत असेन. माणसांचं मला पत्र्याइतकं कळत नाही.

आता काय केलं ते लिहितो.

सकाळी शेड उघडली, प्रार्थना केली. उत्तर वगैरे काही आलं नाही. बाहेर दुधाची गाडी हॉर्न देत होती. मी गोरक्षला हाक मारली. तो आला, रंग दिलेली गाडी पाहिली, म्हणाला, “लई झ्याक झाली. उद्या नेनार ना?”

“न्हाई.”

“दाजी मोडतील तुला.”

“मोडू दे. लोखंडी नळ्या आन.”

आम्ही चारही दारं उतरवून भिंतीला लावली. चाकांवर उभ्या गाडीला चारही टोकांना टेकू दिले, मध्ये जॅक घेऊन बॉडी दोरीनं कोपऱ्या-कोपऱ्यातून मापून सरळ केली, आणि दारांच्या मोकळ्या चौकटींत नळ्या आडव्या-तिरप्या वेल्ड केल्या, म्हणजे कणा काढला तरी ती दुमडणार नाही. ते झाल्यावर गोरक्षनं ग्राइंडर माझ्या हातात दिला. “ह्ये मी न्हाई करनार,” म्हणाला. “नातं तुझं हाय.”

हिरवा रंग जळाल्याचा वास सुटला. पहिला काप ड्रायव्हरच्या बाजूच्या पेटीत घातला. मग दुसऱ्या बाजूच्या पेटीत.

वाकडी केलेली दारं मी पुन्हा त्यांच्या आकारात आणीन. नव्या पेट्या घडवीन. तुमचा उंबरा मला बंद झाला, तरी काम थांबणार नाही, आणि गाडी झाली की तुमच्या अंगणात आणून सोडीन, आत येणार नाही.

उद्याचा टेम्पो सांगितला असेल तर रद्द करा. गाडी आता इथून उचलता येणार नाही. दोन्ही पेट्या मी कापून काढल्या आहेत.

सॅमसन